आईला तिच्या माणसांत राहू दे

अगं, आईला कायमचं डोंबिवलीला न्यायचं म्हणतेस, त्यामागची तुझी काळजी मला कळते. ती हल्ली लग्नामुंजींना जात नाही, कुणात फारशी मिसळत नाही, म्हणजे एकटी पडली, असं तुला वाटतं. मी इथे रत्नागिरीत असते, तिच्याकडे माझं जाणंयेणं असतं, म्हणून सांगते. ती एकटी पडलेली नाही. तिने तिची माणसं निवडलीत.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात लॉरा कार्स्टेनसेन नावाच्या मानसशास्त्रज्ञ आहेत. वय आणि नातीगोती यांवर त्यांचा कितीतरी वर्षांचा अभ्यास आहे. हाताशी वेळ थोडाच उरलाय असं वाटू लागलं, की माणूस ओळखीपाळखीचा पसारा आपणहून आवरतो आणि जिवाभावाच्या माणसांना धरून राहतो, असं त्या सांगतात. गोतावळा आटतो, पण मन बहुधा तरुणपणापेक्षा निवांत असतं. मला हे आईत दिसतं. दुपारी शेजारच्या काकू पडवीत येतात, दोघी रातांबे फोडत बसतात, तासभर बोलल्या नाहीत तरी चालतं. डोंबिवलीच्या चौथ्या मजल्यावर तू तिला सगळं देशील गं, पण काकू कुठून आणशील?

तरी तुझी भीती अगदीच खोटी नाही. माणसं आपण सोडणं वेगळं आणि ती आपल्याला सोडून जाणं वेगळं. २०११च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात हजार पुरुषांमागे १,१२२ बायका होत्या, आणि आधीच्या दहा वर्षांत इथली लोकसंख्या चक्क घटली होती. कमावते हात मुंबई-पुण्याला. वाडीतली कितीतरी घरं गणपतीला आणि शिमग्याला उघडतात, मग पुन्हा कुलूप. काकूंचा मुलगाही त्यांना ठाण्याला न्यायचं म्हणतोय. त्या गेल्या, तर आईचं काय, याचा मला खरा घोर आहे.

आणि तुझंही सांगते. ऑफिसातलं कुणी हल्ली बोलवत नाही म्हणून कुढू नकोस, ते गळायचंच. पण तुझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीला मात्र आजच फोन कर. ती सुटू देऊ नकोस.

शिमग्याला येशील तेव्हा पालखी नाचवून लगेच परतीची गाडी धरू नकोस. चार दिवस राहा. काकूंशी बोल, त्यांच्या मुलाशीही बोलू. आणि आईला काय हवंय, ते आपण दोघी तिलाच विचारू.