आधी मराठीतली नऊ, मग इंग्रजीतली

मुलुंड पूर्वेला संध्याकाळी मी मोठ्या माणसांना इंग्रजी बोलायला शिकवते. दवाखान्यात रिसेप्शनला बसणाऱ्या बायका, घाटकोपरचे दुकानदार, अंधेरी एमआयडीसीत कामाला जाणारी मुलं, नातवाच्या पालकसभेला जावं लागतं म्हणून आलेल्या आज्या, असा आमचा वर्ग. राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं 2000 साली. यांतल्या बऱ्याच जणांची शाळा त्याआधीची, एबीसीडी पाचवीत भेटलेली. शब्द यांच्याकडे भरपूर असतात; गाडी अडते ती सर्वनामांशी. इतकी वर्षं शिकवून जे हाती लागलं, ते इथे मांडते.

1. तक्ता घोकून सर्वनाम जिभेवर येत नाही. 'आय, माय, मी, माइन' घडाघड म्हणणारी बाई फोनवर बोलताना थबकते, कारण तक्त्यात कुणी माणूस नसतो. मराठीत मूळ सर्वनामं नऊ आहेत: मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. ही नऊ जन्मभर बिनचूक वापरलेल्या माणसाला सर्वनाम म्हणजे काय, हे शिकवायची गरज नसते. इंग्रजी कुठे वेगळ्या वाटेने जाते, तेवढंच दाखवावं लागतं.

2. पहिली अडचण कानाची आहे आणि तिच्याबद्दल पुस्तकं बोलत नाहीत. मराठीतली 'ही' बाई असते, इंग्रजीतला 'ही' पुरुष. मराठीत 'मी' म्हणजे बोलणारा कर्ता, इंग्रजीत तोच आवाज 'मला' या अर्थाने येतो. एक ताई मोबाइलमधल्या फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही इज माय सिस्टर." लिंग त्यांना पक्कं ठाऊक होतं, बोट ठेवल्याबरोबर तोंडातून मराठीतली 'ही' निघाली. तेव्हापासून आम्ही फोटोंवरच सराव करतो. बोट ठेवलं की 'धिस', बोट उचललं की 'शी'. "धिस इज माय सिस्टर. शी लिव्ह्ज इन बोरिवली." घरातल्या प्रत्येक माणसाचा फोटो असा फिरला की जीभ वळते.

3. 'ही' आणि 'शी' यांची खरी अदलाबदल मराठी माणसापेक्षा हिंदी आणि गुजराती बोलणाऱ्यांची जास्त होते. हिंदीत 'वो' दोघांनाही लागतो, गुजरातीत 'ते' दोघांनाही. बाई की पुरुष हे क्रियापद सांगतं, 'गया' की 'गई', म्हणजे वाक्याच्या शेवटी. इंग्रजीत मात्र तो निवाडा पहिल्याच शब्दाला करावा लागतो. घाटकोपरच्या एका काकांना ही गोष्ट समजावली तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. आपलं डोकं कमी पडतं, असंच ते इतके दिवस धरून चालले होते. बोलण्याआधी तो माणूस क्षणभर डोळ्यांसमोर आणायचा, एवढा एकच नेम मी त्यांना घालून दिला.

4. मराठी माणूस अडतो तो वस्तूंपाशी. आपली खुर्ची ती, पंखा तो, टेबल ते. मग लोकल उशिरा आली की "शी इज लेट" होतं. इंग्रजीतही हजार वर्षांपूर्वी नामांना तीन लिंगं होती. पुढे ती झिजली आणि सगळ्या वस्तू 'इट'च्या पंगतीला बसल्या. हे सांगितलं की आपली भाषा विचित्र, ही समजूत जाते.

5. आदराचं प्रकरण सगळ्यात नाजूक. सासऱ्यांना 'ही' म्हणायला जीभ रेटत नाही. "माय फादर-इन-लॉ, दे आर इन हॉस्पिटल," असं सून सांगते आणि समोरचा विचारतो, किती जण? या सुनेला मी नुसतं चूक म्हणत नाही, कारण तिने संस्कार पाळलेला असतो. इंग्रजीत आदर सर्वनामात राहत नाही; तो 'मिस्टर', 'सर', 'प्लीज' आणि आवाजाच्या पट्टीत राहतो, हे तिला सांगते. आणि 'यू' म्हणजे 'तू' असं मनाला लावून घेऊ नका. एकेरीसाठी इंग्रजीत 'दाऊ' होतं, ते प्रचारातून गेलं. उरलेलं 'यू' मुळात अनेकवचनी, म्हणजे आपल्या 'तुम्ही'च्या जवळचं. साहेबांना 'यू' म्हणताना कचरायचं कारण नाही.

याच सवयीचा एक फायदाही आहे. ज्या व्यक्तीला 'ही' किंवा 'शी' नको असतं, तिच्यासाठी इंग्रजीत 'दे' वापरतात. हल्ली ऑफिसच्या ईमेलखाली तसं लिहिलेलं दिसतं. एका माणसाला अनेकवचन लावणं आपल्याला बाबांपासून सवयीचं आहे. तेव्हा कुणी तशी विनंती केली, तर ती पाळायला मराठी माणसाला जड जाऊ नये.

6. कर्ता गाळू नका. 'जेवलास?' मध्ये तू आहे, 'येते' मध्ये मी बाई आहे. आपलं क्रियापद सगळं सांगतं. इंग्रजी क्रियापद मुकं. तिथे पावसालासुद्धा 'इट' लागतं.

7. 'मला' दिसलं की बहुतेक वेळा 'आय' म्हणा. मला वाटतं, मला आवडतं, मला ताप आलाय: तिन्हींना 'आय'.

8. काही ठिकाणी आपली भाषा जास्त नेमकी आहे आणि तिथेच घोटाळा होतो. 'महेशने रमेशला आपल्या गाडीची किल्ली दिली' म्हटलं की गाडी महेशची. 'त्याच्या गाडीची' म्हटलं की रमेशची. इंग्रजीत दोन्हीकडे 'हिज'. विम्याच्या कागदावर किंवा पोलिसांच्या जबाबात हे महागात पडेल, म्हणून तिथे सर्वनाम सोडून सरळ नाव पुन्हा लिहावं. तसंच 'आम्ही' आणि 'आपण' दोघांनाही 'वी'. सोसायटीच्या पत्रात पैसे नक्की कोण भरणार, ते वेगळं लिहा.

9. घरात इंग्रजी माध्यमाची मुलं असतील तर त्यांना माझं एक सांगणं आहे. आई पालकसभेत तुमच्या बाईंशी बोलताना 'शी'च्या जागी 'ही' म्हणाली, तर तिथल्या तिथे टोकू नका, हसू नका. तिचं वाक्य पुरं होऊ द्या. घरी आल्यावर फोटो काढून बसा आणि तिच्याबरोबर रोज दहा वाक्यं बोला.