एक एरियल, दोन तारा, तीन ट्यूनर

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे किल्लारीला भूकंप झाला. त्यानंतरच्या मदतकार्यात संदेश पोचवण्याच्या कामी हौशी रेडिओचालकांनीही हातभार लावला. छत्रपती संभाजीनगरपासून किल्लारी हवाई अंतराने सुमारे 240 किलोमीटर. एवढ्या अंतरासाठी रेडिओलहरी जवळजवळ सरळ वर पाठवून आयनांबरावरून खाली परतवाव्या लागतात. दिवसा हे बहुधा 7 मेगाहर्ट्झवर साधते. रात्री आयनांबर विरळ झाले, की त्या लहरी आरपार निघून जातात आणि 3.5 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात उतरावे लागते. गच्चीवर एरियल मात्र एकच! मग काय करावे?

अडचण कोठे आहे?

7.1 मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे 42 मीटर. म्हणून अर्धतरंगी एरियल सुमारे 20 मीटर लांब असते आणि त्याच्या मध्यभागी संरोध सुमारे 70 ओहम भरतो. प्रक्षेपकाला 50 ओहम हवे असतात. एवढा फरक चालतो. तेच एरियल 14.2 मेगाहर्ट्झवर वापरले, तर संरोध काही हजार ओहम होतो. 3.6 मेगाहर्ट्झवर उलट रोध 10-15 ओहमांपर्यंत घसरतो, शिवाय धारित्रासारखा शेकडो ओहमांचा अडथळा येतो.

मेळ नसला, की एरियलपाशी पोचलेल्या ऊर्जेचा बराच भाग मागे फिरतो व पुनःपुन्हा ये-जा करतो. समाक्ष केबलमध्ये प्रत्येक फेरीत तिचा काही अंश उष्णतेत जातो. मध्ये हवा असलेल्या दोन समांतर तारांत हा नाश फारच थोडा होतो. त्या तारांतील प्रवाह सारखे व विरुद्ध असले, की त्यांची क्षेत्रे एकमेकांना खोडतात आणि तारजोडी स्वतः लहरी फेकत नाही. यालाच समतोल म्हणतात. प्रक्षेपकाचे एक टोक मात्र धातूच्या पेटीला जोडलेले असते. म्हणून ट्यूनरला दोन कामे करावी लागतात: 50 ओहमांशी मेळ घालणे आणि समतोल राखणे.

तीन रीती

1. बॅलन शेवटी: साधा एकतर्फी ट्यूनर, आणि त्यापुढे फेराइटच्या कड्यावर तार गुंडाळून केलेला बॅलन. ही रीत स्वस्त व सुटसुटीत. पण येथे बॅलनला तारजोडीचा बदलता संरोध सोसावा लागतो. समजा, 100 वॅट शक्ती 4000 ओहमांत जात आहे. विद्युत् दाबाचा वर्ग = 100 × 4000; म्हणजे दाब सुमारे 632 व्होल्ट, शिखर जवळजवळ 900! तीच शक्ती 16 ओहमांत गेली, तर प्रवाह 2.5 अँपिअर. अशा वेळी कडे तापते आणि समतोलही ढळू शकतो.

2. बॅलन आधी: बॅलन प्रक्षेपकाच्या बाजूला, आणि पुढे दोन्ही तारांत सारखीच वेटोळी असलेले सममित मंडल. मेळ साधल्यावर बॅलनला केवळ 50 ओहम दिसतात. त्याच 100 वॅटला दाब सुमारे 71 व्होल्टच. मात्र दोन्ही वेटोळी एकाच वेळी, सारखीच फिरली पाहिजेत. यंत्ररचना महाग पडते.

3. चुंबकीय दुवा: प्रक्षेपकाचे लहान वेटोळे आणि तारजोडीचे मोठे वेटोळे शेजारी ठेवायचे, रोहित्राप्रमाणे. दोहोंत तारेची जोड नसल्याने समतोल सहज साधतो. फेराइटही लागत नाही. पण पट्टा बदलला, की वेटोळे किंवा त्यावरील जोडणीची जागा बदलावी लागते.

मग निवड कशी करावी? दोनच पट्टे हवे असतील आणि स्वतः बांधायची तयारी असेल, तर तिसरी रीत उत्तम. वारंवार पट्टे बदलायचे व खर्च परवडत असेल, तर दुसरी. घाईच्या मुक्कामावर पहिली चालेल. फक्त शक्ती कमी ठेवावी आणि बॅलन तापतो का ते पाहावे. एक गोष्ट विसरू नका: ट्यूनर एरियलला बदलत नाही. परतणारी ऊर्जा तारजोडीत राहतेच. ट्यूनर फक्त प्रक्षेपकाला 50 ओहम दाखवतो. म्हणून कमी नाशाची तारजोडी हवी.

करून पाहा

प्रक्षेपणाला परवाना लागतो. समतोल पाहायला मात्र टॉर्चचा सेल, बल्ब, दोन मीटर तार आणि होकायंत्र पुरे. सेल व बल्ब दूर ठेवून मंडल जोडा. फक्त जाणारी तार होकायंत्रावर उत्तर-दक्षिण धरा, सुई हलेल. आता येणारी तारही तिला चिकटवून धरा. सुई जवळजवळ जागेवर येईल. प्रवाह तोच असताना असे का झाले, हे वहीत लिहा. त्यानंतर सांगा: एका तारेतील प्रवाह दुसरीपेक्षा कमी झाला, तर तारजोडी काय करू लागेल?