जादूगाराचं घुबड : दहा नाण्यांचा जीव

जादूगार आणि घुबड म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांना हॅरी पॉटरची हेडविग आठवते. पण हेडविग टपाल पोचवायची. मी आज लिहितोय ते 'फॅमिलिअर'बद्दल. चेटकिणीच्या दिमतीला प्राण्याच्या रूपात एक आत्मा असतो, अशी युरोपात जुनी समजूत होती. हाच आत्मा पुढे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या खेळात जादूगाराचा सोबती म्हणून आला. हा खेळ गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ मध्ये काढला.

ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात : टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येकाचं एक पात्र असतं. एक जण 'डंजन मास्टर' होतो, म्हणजे गोष्ट सांगतो आणि बाकीचं सगळं जग चालवतो. एखादं काम जमलं की फसलं, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो.

आता २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीत फॅमिलिअर काय काय करतो ते बघू.

१) हेरगिरी : १०० फुटांच्या आत असेल तर जादूगार त्याच्याशी मनातल्या मनात बोलू शकतो, त्याच्या डोळ्यांनी बघू शकतो, कानांनी ऐकू शकतो. मात्र तेवढा वेळ जादूगार स्वतः आंधळा-बहिरा!

२) मंत्र पोचवणं : हात लावून करायचा मंत्र असेल तर तो फॅमिलिअरमार्फत करता येतो. नाजूक तब्येतीच्या जादूगाराला तलवारीसमोर जावं लागत नाही.

३) मदत : फॅमिलिअर स्वतः हल्ला करू शकत नाही, पण शत्रूचं लक्ष विचलित करू शकतो. मग आपल्या गड्याला एकाऐवजी दोन फासे टाकून मोठा आकडा घेता येतो. यात घुबड उस्ताद, कारण झडप घालून उडून जाताना शत्रूला त्याच्यावर वार करायची संधी मिळत नाही.

या तिसऱ्या मुद्द्याचं गणित आपल्याला ओळखीचं आहे. दोन कॉम्पोनंट पॅरललमध्ये जोडले की दोन्ही बिघडले तरच सिस्टिम बंद पडते, तसंच हे. ११ किंवा जास्त हवे असतील तर एका फाशाने शक्यता ५० टक्के. दोन्ही फासे फसण्याची शक्यता ०.५ × ०.५ = ०.२५, म्हणजे यश ७५ टक्के. हेच ८० टक्क्यांचे ९६ होतात आणि १० टक्क्यांचे फक्त १९. थोडक्यात काय, काम अगदी सोपं किंवा अगदी अवघड असेल तर घुबडाचा फायदा कमी. 'होईल की नाही' अशी धाकधूक असते तिथे तो सगळ्यात जास्त!

पण माझा खरा मुद्दा वेगळाच आहे. हा प्राणी मेला तर काय?

१९७८ च्या नियमांत तो मेला की त्याच्या हिट पॉइंटच्या (म्हणजे मार सोसायच्या ताकदीच्या) दुप्पट पॉइंट जादूगाराचे कायमचे जायचे. २००३ च्या साडेतीन आवृत्तीत अनुभवाचे गुण कापले जायचे आणि नवीन फॅमिलिअरसाठी एक वर्ष आणि एक दिवस थांबावं लागायचं. मग कोण त्याला धोक्यात पाठवणार? बेडूक असला की जादूगाराला ३ हिट पॉइंट जास्त मिळत. ते घ्यायचे आणि बेडूक खिशात ठेवायचा! लॅबमधला महागडा सीआरओ कुलूपबंद कपाटात असतो ना, तसंच.

पुढे हे बदललं. २०१४ च्या नियमांत १० सोन्याच्या नाण्यांचा धूप-कोळसा आणि तासाभराचा मंत्र, की फॅमिलिअर परत हजर. डिझाइन म्हणून हे मला पटतं, कारण गमावणं परवडतं तीच वस्तू माणूस वापरतो.

पण परवडायला लागलं की आपण कसे वागतो ते बघा. बंद दाराआड काय आहे? पाठवा घुबडाला. पेटीत सापळा आहे का? बसवा घुबडाला. पुस्तकात त्याला एकच हिट पॉइंट आहे, त्यामुळे सापळा असला तर ते जातंच. आमच्या ग्रुपमध्येही असं सर्रास चालायचं आणि सगळे हसायचे.

नियमातली दोन वाक्यं मात्र मला अस्वस्थ करतात. एक, फॅमिलिअर हुकूम नेहमी पाळतो, म्हणजे 'नाही' म्हणायची सोय त्याला नाही. दोन, मंत्र पुन्हा म्हटला की येतो तो तोच, नवीन नव्हे. मागच्या मरणाची आठवण त्याला राहते की नाही, हे पुस्तक सांगत नाही. म्हणून मी डंजन मास्टर असतो तेव्हा, ती राहते असं धरतो. घुबडाला नाव असतं. परत आलं की ते आधी त्या दाराकडे बघतं, मग मालकाकडे. हुकूम दिला तर जातं, अजिबात कुरकुर करत नाही.

एवढंच केलं, पण खेळ बदलला. पोरं आधी दगड फेकून बघायला लागली, दहा फुटी काठीने पेटी उघडायला लागली. घुबडाला पाठवायची वेळ आलीच तर टेबलावर दोन मिनिटं चर्चा व्हायला लागली. जो 'नाही' म्हणू शकत नाही त्याला काय सांगायचं, हा विचार करायला लावणारा खेळ मला तरी नुसत्या फाशांपेक्षा मोठा वाटतो.

तेव्हा मंडळी, खेळून बघा. आणि हो, घुबडाला नाव जरूर ठेवा!