डब्यावरचा आकडा आणि चेंबरमधलं तेल

टर्बो पेट्रोल गाडीची डिपस्टिक पुसून परत घातली, पुन्हा काढली आणि तेल वरच्या खुणेच्याही वर गेलेलं दिसलं, तर खूश होऊ नका. तेल आपोआप वाढत नाही. ते पेट्रोल असतं. सिलिंडरच्या भिंतीवरून रिंगांच्या फटीतून उतरलेलं आणि इंजिनाच्या तळाशी असलेल्या चेंबरमधल्या तेलात मिसळलेलं. माझी गाडी अशीच आहे: तीन सिलिंडरची, डायरेक्ट इंजेक्शनची, रोजची धाव कोथरूड ते डेक्कन. तिला कोणतं तेल घालायचं, या प्रश्नानं मला जे शिकवलं ते असं.

१. आधी आपलं इंजिन कोणत्या जातीचं ते पाहा. आपल्याकडे गाडी चार मीटरच्या आत आणि पेट्रोल इंजिन १२०० सीसीच्या आत असेल तर कर कमी लागतो, त्यामुळे छोट्या टर्बोंचं पीक आलं. पण सगळे टर्बो सारखे नाहीत. नेक्सॉनच्या १.२ टर्बोत पेट्रोल सिलिंडरच्या आधी, हवेच्या वाटेवर फवारलं जातं. ह्युंदाईच्या १.० टर्बोत किंवा फोक्सवागनच्या टीएसआयमध्ये ते थेट सिलिंडरच्या आत, मोठ्या दाबानं मारलं जातं. इंजिन गार असताना या फवाऱ्यातलं सगळं पेट्रोल वाफ होत नाही. काही भिंतीला लागतं आणि खाली उतरतं. त्रास मुख्यतः या दुसऱ्या जातीचा.

२. डिपस्टिक सकाळी, गाडी सपाट जागी असताना, इंजिन चालू करण्याआधी बघा. पुसा, घाला, काढा, मग वास घ्या. जुन्या तेलाला थोडा वास असतोच, पण पेट्रोलचा उग्र भपकारा आला तर समजा. आणि सगळ्यात फसवी अवस्था म्हणजे लेव्हल तसूभरही न हलणं. इंजिन थोडं तेल खात असेल आणि तेवढंच पेट्रोल वरून येत असेल, तर लेव्हल वर्षभर बरोबर दिसते आणि आत निम्माशिम्मा कस गेलेला असतो. मी सर्व्हिस सेंटरला विचारलं तेव्हा उत्तर आलं, “सर, नॉर्मल आहे.” लेव्हल नॉर्मल होती, हे खरंच होतं.

३. दोष थंडीचाच नसतो. २०१८ मध्ये होंडाच्या १.५ लिटर टर्बो सीआर-व्हीची हीच तक्रार चीनच्या थंड उत्तर भागातून मोठ्यानं पुढे आली, पुढे उत्तर अमेरिकेतूनही. त्यावरून आपल्याकडे लोक म्हणतात, पुण्यात कुठे बर्फ पडतो? बर्फ नाही, पण चार किलोमीटरची धाव आहे, नळ स्टॉपचा सिग्नल आहे. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मधोमध येतो तो कूलंटचा. तेल तेव्हा अजून कोमटच असतं. ते पुरतं तापायच्या आत आपण पार्किंगमध्ये पोचतो. त्यात आता इथेनॉल मिसळलेलं ई२० पेट्रोल. इथेनॉलला वाफ व्हायला जास्त उष्णता लागते आणि त्यात ऊर्जा कमी, म्हणून फवाराही मोठा मारावा लागतो. तेल नीट तापलं तर इथेनॉल लवकर उडून जातं, त्याचा उत्कलनबिंदू ७८ अंशच आहे. पण तापलं तर. पावसाळ्यात माझ्या गाडीची ऑइल कॅप उघडली की आतून लोण्यासारखा फिकट थर दिसतो. ते तेलात घुसळलेलं पाणी. आठवड्यातून एकदा गाडी खंबाटकी घाटापलीकडे नेऊन आणली की तो थर जातो, आणि डिपस्टिकवरचं तेलही खाली येतं, कारण पेट्रोल वाफ होऊन इंजिनाच्या श्वसननळीतून परत जळायला गेलेलं असतं.

४. तेल निवडताना नव्या तेलाचा नाही, बदलायच्या आदल्या दिवशीच्या तेलाचा विचार करा. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. डब्यावर ५डब्ल्यू-३० लिहिलेलं असतं ते डबा फोडतानाचं. ढोबळमानानं पाच टक्के पेट्रोल मिसळलं की ३० चं तेल २० सारखं वागू लागतं. मग जे मुळातच ०डब्ल्यू-२० होतं, त्याला खाली उतरायला पायरी कुठे उरते?

आणि ३० म्हणजे सगळी ३० सारखी नाहीत. दुकानात फार कुणी न विचारणारा एक आकडा आहे, एचटीएचएस. १५० अंशांना, जोराच्या घर्षणात तेल किती घट्ट राहतं त्याचं ते माप. बेअरिंगमध्ये आणि मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेणाऱ्या टर्बोच्या दांड्याभोवती तेलाचा पापुद्रा टिकतो की नाही, ते यावर ठरतं. २० ग्रेडला हा आकडा किमान २.६ लागतो, ३० ला २.९. पण डब्यावर एसीईए सी३ किंवा ए३/बी४ असेल तर तो किमान ३.५ असतो, मग ग्रेड तीच ५डब्ल्यू-३० का असेना. शेजारी शेजारी ठेवलेले दोन डबे, ग्रेड एकच, आणि आतली गोष्ट वेगळी. पेट्रोल मिसळणाऱ्या इंजिनाला मी जास्त आकड्याचा डबा घेईन. या युरोपीय वर्गांत तेल उडून जाण्याची मर्यादाही कडक असते, १३ टक्के. एपीआय एसपी या अमेरिकी वर्गाला १५ चालतात. गरम टर्बोला तोही फायदाच.

मात्र मॅन्युअल आधी. त्यात ०डब्ल्यू-२० एवढंच लिहिलं असेल आणि वॉरंटी चालू असेल तर तेच घाला आणि लवकर बदला. बऱ्याच मॅन्युअलमध्ये तापमानाप्रमाणे दोन-तीन ग्रेडचा तक्ता असतो, तो कुणी उघडत नाही. पातळ तेलाची शिफारस बरीचशी मायलेजच्या सरकारी निकषांपोटी असते. त्यात गैर काही नाही, पण तो हिशोब कंपनीचा, तुमच्या रोजच्या रस्त्याचा नाही.

महागड्या एस्टर तेलानं पेट्रोल आत यायचं थांबत नाही. पातळ तेही होतं. वरून ओतायच्या बाटल्यांबद्दल बोलायलाच नको.

५. एपीआय एसपी हे शब्द डब्यावर हवेतच. छोट्या टर्बोत कमी फेऱ्यांवर जोर दिला की कधी ठिणगीच्या आधीच मिश्रण पेट घेतं आणि पिस्टन फुटू शकतो. रिंगांजवळ साचलेले तेल-पेट्रोलचे थेंब याला कारण ठरतात, आणि तेलात कॅल्शियमचं डिटर्जंट जास्त असेल तर धोका वाढतो. त्यासाठीची चाचणी २०१८ च्या एसएन प्लसमध्ये आली, २०२० च्या एसपीत टायमिंग चेनच्या झिजेची चाचणीही जोडली गेली. पातळ तेलात चेनच आधी कुरकुरते, म्हणून ही दुसरी चाचणी मला जास्त महत्त्वाची वाटते. सी३ आणि एसपी दोन्ही एकाच डब्यावर असलेलं तेल मिळतं, शोधावं लागतं.

६. “साहेब, २०डब्ल्यू-५० टाका, आवाज बंद.” कर्वे रोडच्या आमच्या मेकॅनिकमामांचा सल्ला. जुन्या गाड्यांवर त्यांचा हात असा बसलाय की मी त्यांच्याशी वाद घालत नाही. पण नव्या इंजिनात व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा तेलाच्या दाबावर चालते, वाटा बारीक असतात, आणि सकाळी टर्बोपर्यंत तेल झटकन पोचायला हवं. म्हणाले, “मग ट्रकचं १५डब्ल्यू-४० घाला, दणकट असतं.” दणकट असतं, पण त्यात कॅल्शियम भरपूर, आणि मागचा मुद्दा आठवा. शेवटी मामा म्हणाले, “तुमची गाडी, तुमचं डोकं.” तेल मात्र तेच बदलून देतात.

७. नुसते किलोमीटर मोजू नका, धावाही मोजा. दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, हा मुदतीचा नियम हायवेवाल्यांना शोभतो. शहरात पाच हजार किंवा सहा महिने, जे आधी येईल ते. एवढ्या लवकर बदलायचं तर मधल्या किमतीचं तेल पुरे. पावसाळा संपल्यावर एक बदल ठरलेला ठेवा.

८. शंका असेल तर प्रयोगशाळेत नमुना द्या: १०० अंशांची व्हिस्कॉसिटी, फ्लॅश पॉइंट आणि पेट्रोलचं प्रमाण. दोन टक्क्यांच्या वर सावध, पाचच्या वर लगेच बदल, असा सर्वसाधारण ठोकताळा. घरच्या घरी टिपकागदावर गरम तेलाचा थेंब टाकून रात्रभर ठेवा. काळ्या मधल्या ठिपक्याबाहेर फिकट, पिवळसर कडं दूरवर पसरलं तर पेट्रोल आहे. आकडा मिळत नाही, पण आधीच्या कागदाशी ताडून बघता येतं. मी ते कागद तारीख घालून ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवतो. बायको त्यांना माझी जन्मपत्रिका म्हणते.

९. डिझेलवाल्यांनी हसू नये. नाशिकच्या मेहुण्याची बीएस६ डिझेल एसयूव्ही आहे. तिच्या डीपीएफमधली, म्हणजे धुराच्या फिल्टरमधली काजळी जाळायला इंजिन एक्झॉस्टच्या वेळी जादा डिझेल मारतं, आणि शहरात ही सफाई अर्धवट तुटत राहते. तेही डिझेल चेंबरमध्येच उतरतं. फरक एवढा की पेट्रोल घाटात उडून जातं, डिझेल जात नाही. ते उकळायलाच १८० अंशांच्या पुढचं तापमान लागतं. म्हणून त्याला हायवेचा उपाय मिसळलेलं काढायला नाही, नवं मिसळू नये म्हणून. सफाई चालू असताना मायलेजचा आकडा पडतो आणि पंख्याचा आवाज वाढतो. तेव्हा मेहुणा आता गंगापूर रोडवरच्या घरापाशी न थांबता सरळ धरणापर्यंत जाऊन येतो. डिपस्टिक वरच्या खुणेच्या पुढे गेली की तेल बदलतो, सर्व्हिसची तारीख काहीही असो.