स्त्रियांचा इतिहास : कागदावरचा आणि कागदाबाहेरचा

स्त्रियांचा इतिहास शोधायचा तर पाहावे कोठे? पहिले उत्तर म्हणजे जुने छापील कागद. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेची विद्यार्थिनी मुक्ताबाई हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ साली 'ज्ञानोदया'त आला. ज्यांना धर्मग्रंथ पाहण्याचीही मनाई, त्यांचा धर्म कोणता, असा तिचा सवाल होता. मिशनऱ्यांच्या त्या नियतकालिकाचे अंक टिकले, म्हणूनच तो आज आपल्याला ऐकू येतो.

पण कागद टिकला तरी वाचक लागतो. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ मध्ये छापले गेले आणि पुढे विस्मृतीत गेले. स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये, म्हणजे ९३ वर्षांनी, ते पुन्हा प्रसिद्ध केले.

मग ज्यांनी काही लिहिलेच नाही, त्यांचे काय? उर्मिला पवार व मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांना गाठून बोलते केले. त्यातून 'आम्हीही इतिहास घडवला' (१९८९) हा ग्रंथ सिद्ध झाला. सभा, सत्याग्रह, १९५६ चे धर्मांतर यांत या बायाही होत्या, हे त्यामुळे नोंदले गेले.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. माझी आजी अजून अंगठा उठवते. तिचे सांगणे मी वहीत उतरवले नाही, तर ते कोणत्या दप्तरात सापडणार? मैत्रिणींनो, हे काम आपलेच आहे.