हार्डडिस्क कॅमकॉर्डर घ्यायचा? आधी तो कुठे बांधणार ते ठरवा

आमच्या बॅचमधल्या एकाला कामशेतला पॅराग्लायडिंगचं शूटिंग करून द्यायचा जोडधंदा सुरू करायचाय. जुना हार्डडिस्कवाला कॅमकॉर्डर स्वस्तात मिळतोय, घेऊ का, असं त्याने विचारलं. मी उलट विचारलं, "कॅमेरा जमिनीवर राहणार की हवेत जाणार?"

कारण हार्डडिस्क म्हणजे फिरती तबकडी. तिच्यावर केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी कमी अंतरावर हेड तरंगत असतं. धक्क्याने ते तबकडीला घासलं की फुटेज गेलंच समजा. म्हणून बऱ्याच मॉडेलमध्ये ड्रॉप सेन्सर असतो. कॅमेरा पडतोय असं वाटलं की तो हेड बाजूला घेतो. आता गंमत बघा, सायकल उडाली तरी त्याला वाटतं आपण पडतोय! म्हणजे जो क्षण विकायचा, तिथेच रेकॉर्डिंग थांबू शकतं.

हे मी पैसे घालवून शिकलोय. सिंहगड घाट उतरणाऱ्या एका सायकल ग्रुपचं काम घेतलं आणि कॅमेरा हँडललाच बांधला. घरी येऊन बघतो तर मोठ्या धक्क्यांना फुटेज तुटलेलं. साडेचार हजार परत केले, वर सगळ्यांना चहा पाजला. सेन्सर मेनूतून बंद करता येतो हे नंतर कळलं. पण ते म्हणजे हेल्मेट काढून घाट उतरणं.

मग हा कॅमेरा टाकाऊ का? अजिबात नाही. बैलगाडा शर्यत घ्या. १८ मे २०२३ ला सुप्रीम कोर्टाने शर्यतींचा कायदा वैध ठरवला. खेड, आंबेगाव, जुन्नरकडे घाटाच्या कडेला ट्रायपॉड लावून दिवसभर शूट करायचं, तर कॅमकॉर्डरचा लांब ऑप्टिकल झूम तुमच्या ॲक्शन कॅमेऱ्यात कुठून येणार? हिशेब करा: १६ एमबीपीएसला तासाला साधारण ७ जीबी लागतात, म्हणजे ६० जीबीच्या डिस्कवर आठेक तास. फक्त स्पीकरच्या भिंतीजवळ उभे राहू नका, तेवढ्या कंपनानेही रेकॉर्डिंग अडू शकतं. धूळ तर आहेच, रेनकव्हर घालाच.

उंचीचंही बघा. डिस्कचं हेड हवेवर तरंगतं, हवा विरळ झाली की अडचण. मॉडेलप्रमाणे पुस्तिकेत ३००० किंवा ५००० मीटरची मर्यादा दिलेली असते. आपलं कळसूबाई १६४६ मीटर, तिथे बिनधास्त न्या. लेह मात्र साधारण ३५०० मीटरवर आहे, त्यामुळे लडाखच्या बाईक ट्रिपला निघालात तर कार्डवालाच कॅमेरा घ्या.

जुना घेताना दुकानात उभं राहून वीस मिनिटं रेकॉर्डिंग करा. कॅमेरा कानाला लावा. सारखा टक-टक आवाज आला तर किंमत विचारूच नका. उन्हात बाहेर नेऊन स्क्रीन दिसतो का बघा. व्ह्यूफाइंडर असेल तर थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही. काही मॉडेलचा यूएसबी पोर्ट कॅमेऱ्यावर नसतो, खालच्या स्टँडवर असतो. स्टँड हरवला असेल तर फुटेज काढणार कसं?

आणि धंद्याचं म्हणून सांगतो. कार्ड खराब झालं तर दोन-तीन गिऱ्हाइकं जातात, डिस्क गेली तर अख्खा रविवार जातो. म्हणून जेवणाच्या सुट्टीत लॅपटॉपवर कॉपी हवीच.

त्या मुलाला मी हवेसाठी छोटा कार्डवाला ॲक्शन कॅमेरा आणि खाली टेक-ऑफ, लँडिंगला कॅमकॉर्डर सुचवलाय. शनिवारी तो कॅमेरा घेऊन दुकानात येतोय, स्टँडसकट आण म्हटलंय.