हिशेब मागणारी घोषणा

प्रश्न : सामाजिक चळवळीचा संदेश आकडेवारीने पटतो की कथनाने?

उत्तर : कथन म्हणजे प्रश्न कोणाचा, दोष कोणाचा आणि मागणी कोणती हे एका सूत्रात गुंफणारी मांडणी, तिच्याशिवाय आकडे मुके राहतात. राजस्थानातील मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ पासून भरवलेल्या जनसुनवाईत, म्हणजे गावासमोरील जाहीर पडताळणीत, मजुरांचे हजेरीपट मोठ्याने वाचले जात आणि कोणाच्या नावावर खोटी मजुरी उचलली गेली हे ऐकणाऱ्यालाच उमगे. त्यामुळे ‘पारदर्शकता’ हा काहीसा निर्जीव शब्द मागे पडून ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही याचकाला मालक ठरवणारी घोषणा पुढे आली. हिशेबाच्या याच मागणीतून पुढे केंद्राचा माहिती अधिकार अधिनियम २००५ मध्ये संमत झाला.